नकाशांचीं व चित्रांचीं संकेतस्थळें मंद कां चालतात?
परीक्षा व उपाय

धानावर रोग दिसूं लागला म्हणजे जाणता शेतकरी प्रथम औषधाच्या दुकानाकडे धांवत नाहीं. तो बांधींत उतरतो, पान उलटून पाहतो, एक-दोन चुडे उपटून मुळें तपासतो, आणि रोग कोणता हें ठरल्यावरच औषधाचा विचार करतो. संगणकाच्या बाबतींत मात्र हाच शेतकरी पुष्कळदां याच्या उलट वागतो. पडद्यावरील नकाशा अडखळूं लागला कीं कोणी अधिक किंमतीचा डेटा-पॅक घेतो, कोणी ऐकीव माहितीवरून 'संगणक-सफाई'चा प्रोग्राम बसवितो, तर कोणी सरळ नवा लॅपटॉप घेण्याचें ठरवितो. रोग एक व औषध भलतेंच, असें झाल्यामुळें पैसा जातो आणि नकाशा पूर्वीइतकाच मंद राहतो. हें टाळण्याकरितां मांद्याची परीक्षा कशी करावी, व कोणत्या कारणावर कोणता उपाय लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

शेतकऱ्यास याची गरज काय?

वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा, चामोर्शी व आसपासच्या भागांत शेतकऱ्यास लागणारीं बरींच कागदपत्रें आतां संगणकावरून मिळतात. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीनें पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं आली. गटाचा नकाशा 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर पाहतां येतो. इस्रोचें 'भुवन' हें संकेतस्थळ १२ ऑगस्ट २००९ रोजीं सुरू झालें. त्यावरील उपग्रहचित्रांत आपल्या गांवचा तलाव व आपली बोडी, इतकेंच नव्हे तर मार्कंड्यापाशीं उत्तरेकडे वळलेलें वैनगंगेचें पात्रहि न्याहाळतां येतें. पावसाळ्यांत हवामान खात्याचीं रडारचीं व उपग्रहाचीं चित्रें पाहून ढगांचा रोंख समजतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर ज्यांनीं पाहिला, त्यांस या चित्रांची किंमत निराळी सांगावयास नको.

नुसत्या मजकुराचीं पानें जुन्या संगणकावरहि बरीं चालतात. अडचण येते ती नकाशे, उपग्रहचित्रें व छायाचित्रें यांनीं भरलेल्या पानांवर; आणि शेतकऱ्याचीं कामें तर बहुधा मुदतीचीं. आधारभूत किंमतीनें धान विकण्याकरितां नोंदणी करावयाची असो किंवा पीक विम्याचा अर्ज भरावयाचा असो, तारीख कोणासाठीं थांबत नाहीं. ऐन रोवणीच्या दिवसांत तालुक्याच्या गांवाची एक फेरी फुकट गेली, तर भाडें, मजुरी व दिवस हीं तिन्ही जातात.

पान पडद्यावर येतें कसें?

आपल्याकडील मालगुजारी तलावाची व्यवस्था ज्यास ठाऊक आहे, त्यास ही गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. तलावांतील पाणी तुडुमांतून निघतें, पाटानें वाहतें व शेवटीं बांधींत पसरतें. संकेतस्थळाची माहिती ज्या दूरच्या यंत्रावर असते तो सर्व्हर हा तलाव. मोबाइलचा टॉवर, तार व वाय-फाय मिळून झाला पाट. आणि आपला संगणक व त्यावरील ब्राउझर ही बांधी. बांधी कोरडी राहिली तर तलाव आटला असेल, पाट फुटला असेल, किंवा बांधीच्या तोंडाशींच माती साचली असेल. तलाव आटला असतां बांधी खणण्यांत अर्थ नाहीं, व बांधीचें तोंड बुजलें असतां तलावास दोष देण्यांतहि अर्थ नाहीं. संगणकाच्या मांद्याचीं कारणेंहि याच तीन ठिकाणीं शोधावयाचीं असतात.

प्रारंभीं या माध्यमांत चित्रांचें इतकें प्रस्थ नव्हतें. जिनिव्हा येथील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली ती मुख्यतः मजकुराच्या देवघेवीकरितां. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत तयार झालेल्या 'मोझॅक' या ब्राउझरनें मजकुराच्या मध्येंच चित्र दाखविण्याची रीत लोकप्रिय केली, आणि तेव्हांपासून पानांचें वजन वाढतच गेलें.

नकाशा जड कां असतो?

पडद्यावरील उपग्रहनकाशा आपणांस अखंड दिसतो, परंतु बहुतेक ठिकाणीं तो लहान लहान चौकोनी तुकडे जोडून केलेला असतो. एका तुकड्याची नेहमींची लांबी-रुंदी २५६ ठिपके असते. सर्व पृथ्वी एका तुकड्यांत मावली असें धरलें, तर एक पायरी जवळ गेल्यावर तिचे ४ तुकडे होतात, दुसऱ्या पायरीस १६, आणि दहाव्या पायरीस १०,४८,५७६. हे सर्वच आपल्याकडे येत नाहींत, हें खरें. तरी १,३६६ रुंद व ७६८ उंच ठिपक्यांच्या साधारण पडद्यास एका वेळीं वीस-पंचवीस तुकडे लागतात, आणि प्रत्येक पायरीस नवे वीस-पंचवीस मागवावे लागतात. एका तुकड्याचें वजन २० किलोबाइट धरलें, तर देशाच्या नकाशापासून दहा पायऱ्या उतरून आपल्या बांधीपर्यंत येण्यास सुमारें ५ मेगाबाइट माल ओढला जातो. सेकंदास ८ मेगाबिट वेगाच्या जोडीवर यास ५ सेकंद लागतील. १ मेगाबिट वेगावर ४० सेकंद. येथें बिट व बाइट यांतील भेद लक्षांत ठेवावा. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून कंपनीनें '८ मेगाबिट' म्हटलें तर सेकंदास १ मेगाबाइटच माल येतो.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांस ठाऊक असते. चित्र प्रवासांत दाबून बांधलेलें असतें, व पडद्यावर दाखविण्यापूर्वीं ब्राउझरला तें पूर्ण उलगडावें लागतें. उलगडलेल्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट जागा लागते. मोबाइलनें काढलेलें ४,००० रुंद व ३,००० उंच ठिपक्यांचें छायाचित्र फाइल म्हणून ४-५ मेगाबाइटचें असेल, पण उलगडल्यावर तें ४८ मेगाबाइट जागा अडवितें. अशीं दहा छायाचित्रें एका पानावर उघडलीं कीं ४८० मेगाबाइट खर्ची पडले. ज्या संगणकाची काम करण्याची स्मृति, म्हणजे रॅम, अवघी ४ गिगाबाइट आहे व तींतील मोठा भाग विंडोजनेंच व्यापिला आहे, त्याची दमछाक कां होते हें यावरून उघड आहे. भाताची पेंढी गाडींत मावते, पण ती सोडून खळ्यांत पसरली म्हणजे खळेंच अपुरें पडतें, त्यांतलाच हा प्रकार.

परीक्षा

पुढील परीक्षा क्रमानें कराव्या. यांस एक पैहि खर्च नाहीं व अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

१. मंद चालणारें पान उघडून ठेवावें व दुसऱ्या टॅबमध्यें एखादें नुसत्या मजकुराचें पान उघडावें. तेंहि रेंगाळत असेल, तर दोष बहुधा पाटाचा. मजकूर झटकन आला व नकाशाच तेवढा अडला, तर पुढील परीक्षेकडे वळावें.

२. तोच नकाशा त्याच जोडीवर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहावा. तेथें तो चांगला चालला तर दोष आपल्या संगणकाचा, म्हणजे बांधीचा. तेथेंहि मंद, परंतु दुसरीं नकाशांचीं संकेतस्थळें वेगानें चालतात, असें दिसलें तर दोष तलावाचा, म्हणजे त्या सर्व्हरचा.

३. मांद्याचा प्रकार पाहावा. चौकोन रिकामे राहून एकेक करून भरत असतील, तर माल उशिरां येत आहे. चौकोन सर्व भरले, पण नकाशा सरकवितांना झटके बसतात, माऊसचा बाण अडतो, पंखा जोरानें फिरूं लागतो, असें असेल तर माल आला आहे, परंतु संगणकास तो आवरत नाहीं.

४. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तींत तेंच पान पाहावें. या खिडकींत एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले लहान प्रोग्राम, सामान्यतः बंद असतात. येथें पान चांगलें चाललें, तर दोष अशा एखाद्या जोडप्रोग्रामाचा किंवा बिघडलेल्या जुन्या साठवणीचा समजावा.

५. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां विंडोजचा हिशेबपट उघडतो. त्यांत रॅम शेंकडा ९० च्या वर गेलेली दिसली तर स्मृति अपुरी आहे. प्रोसेसर शेंकडा १०० वर व चित्रांची चिप मात्र स्वस्थ, असें दिसलें तर चित्र काढण्याचें काम भलत्यावर पडलें आहे. क्रोम व एज या ब्राउझरांत शिफ्ट व एस्केप दाबल्यास कोणता टॅब किती खातो हेंहि कळतें.

उपाय: पाटाचा दोष असतां

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर मोबाइल आधीं खिडकीपाशीं किंवा उंच जागीं ठेवून पाहावा. जाड मातीच्या भिंती व टिनाचें छप्पर यांमुळें लहरी क्षीण होतात. शक्य तर मोबाइल यूएसबी तारेनें जोडावा. संध्याकाळीं सर्व गांव मोबाइल पाहत असतें, त्या वेळीं टॉवरवर गर्दी होते. म्हणून नकाशाचें काम पहांटे करावें. पाटाचें पाणी रात्रपाळीनें घ्यावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

अरण्याच्या ज्या आंतील भागांत टॉवरची जोड तारेऐवजीं उपग्रहानें दिलेली असते, तेथें एक निराळी अडचण असते. असा उपग्रह पृथ्वीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपली मागणी वर जाऊन खालीं उतरण्यास व तिचें उत्तर त्याच वाटेनें परत येण्यास मिळून जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. हा उशीर पैसे भरून कमी होत नाहीं. तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे मागण्याच कमी करणें. देशाच्या नकाशावरून माऊसचें चाक फिरवीत गांवापर्यंत येऊं नये. महाभूनकाशावर जिल्हा, तालुका व गांव निवडून गट क्रमांक द्यावा, म्हणजे मधल्या सर्व पायऱ्या टळतात. नको असलेले नकाशाचे थर बंद ठेवावे.

उपाय: बांधीचा दोष असतां

पहिला उपाय टॅब मिटविण्याचा. उघडा पडलेला प्रत्येक टॅब रॅम अडवितो. नकाशाचें काम करतांना दुसरे सर्व टॅब व व्हिडिओ बंद करावे. क्रोम व एज यांत न वापरलेले टॅब निजवून ठेवण्याची सोय आहे, ती सुरू करावी.

दुसरा उपाय एक्स्टेन्शन्स कमी करण्याचा. तीं सर्व बंद करून एकेक पुन्हां सुरू करावें. ज्याच्या येण्यानें पान अडखळतें, तें काढून टाकावें.

तिसरा उपाय चित्रांच्या चिपसंबंधीं आहे, व नकाशांच्या बाबतींत तोच पुष्कळदां गुण देतो. संगणकांत प्रोसेसरखेरीज चित्रें काढण्याकरितां एक निराळी यंत्रणा असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें 'सिस्टम' या सदराखालीं 'ग्राफिक्स ॲक्सेलरेशन' नांवाची कळ आहे. ती बंद असेल तर सर्व चित्रकाम एकट्या प्रोसेसरच्या मानेवर पडतें. एकाच बैलानें नांगर ओढावा व दुसऱ्यानें धुऱ्यावर चरत राहावें, अशी तेव्हां स्थिति होते. कळ सुरू करून ब्राउझर एकदां बंद करून उघडावा. उलट, कळ सुरू असतांना नकाशावर काळे चौकोन दिसत असतील किंवा पडदा लुकलुकत असेल, तर त्या चिपचा ड्रायव्हर जुना झाला आहे असें समजावें. तो विंडोजच्या अपडेटमधून किंवा संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच नवा घ्यावा, आणि तोंपर्यंत कळ बंद ठेवावी.

चौथें कारण उष्णता. चंद्रपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो, हें वाचकांस सांगावयास नको. संगणक फार तापला म्हणजे प्रोसेसर आपला बचाव करण्याकरितां स्वतःच वेग कमी करतो. सकाळीं चांगला चालणारा लॅपटॉप दुपारीं मंदावत असेल, तर हेंच कारण समजावें. लॅपटॉप गादीवर किंवा पोत्यावर ठेवूं नये. खालून हवा खेळेल असा सपाट फळीवर ठेवावा. मळणीच्या दिवसांत पंख्यांत भुसा व धूळ बसते, ती वर्षांतून एकदां जाणत्याकडून काढून घ्यावी.

पांचवें कारण वीजबचत. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालूं लागला म्हणजे विंडोज व ब्राउझर हे दोघेहि वीज वांचविण्यासाठीं काम हळू करूं लागतात. नकाशाचें काम लॅपटॉप विजेवर असतांनाच करावें.

सहावें कारण जुना ब्राउझर. क्रोमची जानेवारी २०२३ मध्यें निघालेली १०९ वी आवृत्ति विंडोज ७ व ८.१ यांवरील शेवटची होय. त्यापुढील आवृत्त्या त्या यंत्रणांवर बसत नाहींत. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्याहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्या. नवीं नकाशांचीं संकेतस्थळें नव्या ब्राउझरकरितां बांधलेलीं असतात. जुन्यावर तीं रखडतात, आणि तेथें पैशाचे व्यवहार करणेंहि सुरक्षित नाहीं.

उपाय: तलावाचा दोष असतां

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व राज्यांतून एकाच संकेतस्थळावर गर्दी लोटते. अशा वेळीं आपल्या संगणकांत कांहींहि फेरफार करूं नये. करून उपयोग नाहीं. शेवटच्या आठवड्याची वाट न पाहतां अर्ज आधींच करणें हाच खरा उपाय. अर्ज अडला असतां 'सादर करा' ही कळ पुनःपुन्हां दाबूं नये. प्रत्येक वेळीं नवी मागणी जाते, आणि पैसे भरावयाचे असल्यास ते दोनदां कापले जाण्याचा संभव असतो. शेवटच्या दिवशीं काम अडलेंच, तर पडद्यावरील संदेशाचें चित्र तारीख व वेळ दिसेल असें काढून ठेवावें. तक्रार करतांना तें उपयोगीं पडतें. अर्जासोबत छायाचित्रें द्यावयाचीं असतील तर तीं आधीं लहान करून घ्यावीं. ४-५ मेगाबाइटचें छायाचित्र पुष्कळ ठिकाणीं स्वीकारलेंच जात नाहीं.

न करण्याचे उपाय

साठवण, म्हणजे कॅशे, रोज पुसण्याची संवय पुष्कळांस लागलेली आहे. ती चुकीची होय. एकदां आलेलीं चित्रें व तुकडे पुन्हां मागवावे लागूं नयेत म्हणूनच ब्राउझर ते जवळ ठेवितो. कणगींतील धान रोज फेंकून देऊन रोज बाजारांतून आणावें, असा हा कारभार आहे. पान मोडकें दिसत असेल किंवा जुनीच माहिती दाखवीत असेल, तेव्हांच साठवण पुसावी. व पुसतांना पासवर्डच्या चौकटींत खूण नाहीं याची खात्री करून घ्यावी.

'एका कळेंत संगणक दुप्पट वेगवान' अशा जाहिरातींचे प्रोग्राम बसवूं नयेत. त्यांनीं ओझें वाढतें. दूरध्वनीवरून 'तुमचा संगणक मंद आहे, आम्ही दुरुस्त करतों' म्हणणाऱ्या अनोळखी माणसास संगणकाचा ताबा किंवा ओटीपी केव्हांहि देऊं नये. आणि एका वेळीं चार उपाय करूं नयेत. एक बदल करावा, पान पुन्हां पाहावें, परिणाम वहींत टिपावा, मग दुसरा करावा. चार खतें एकाच बांधींत घातलीं तर कोणत्यानें पीक सुधारलें हें कधींच कळत नाहीं.

खर्च करावयाचाच असेल तर

वरील परीक्षा होऊन दोष संगणकाचाच ठरला, तरी लगेच नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. रॅम भरली म्हणजे संगणक उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हां परत आणतो. जुनी फिरती डिस्क या कामांत फारच मंद असते. तिच्या जागीं एसएसडी डिस्क बसविली व रॅम ४ ची ८ गिगाबाइट केली, तर कित्येक जुने संगणक आणखी कांहीं वर्षें कामास येतात. मात्र कांहीं लॅपटॉपांत रॅम बदलतां येत नाहीं, आणि फार जुन्या यंत्रावर नवी विंडोज चढत नाहीं; म्हणून पैसे देण्यापूर्वीं या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्या. दोष पाटाचा ठरला असेल, तर संगणकावर एक रुपयाहि घालूं नये. आपल्या गांवीं कोणत्या कंपनीचा टॉवर चांगला चालतो हें शेजाऱ्याच्या मोबाइलवर आधीं पाहावें, आणि ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली असल्यास तेथील जोड चालू आहे काय याची चौकशी करावी.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची. नकाशा चांगला उघडेल त्या दिवशीं तो नुसता पाहून बंद करूं नये. आपल्या गटाचा नकाशा पीडीएफ करून संगणकावर, मोबाइलवर व एका पेनड्राइव्हवर ठेवावा, व एक प्रत कागदावर छापून सात-बाऱ्याजवळ ठेवावी. प्रतीवर ती काढल्याची तारीख घालावी, आणि फेरफार झाल्यास नवी काढावी. बियाणें जसें आपण मळणीच्या वेळींच निवडून ठेवतों व पेरणीच्या दिवशीं शोधीत बसत नाहीं, तसेंच हें आहे. असा नकाशा घरीं असला म्हणजे बांधाचा प्रश्न निघेल त्या दिवशीं टॉवर बंद असला तरी शेतकऱ्याचें काम अडत नाहीं.